तीन रुपयांपासून नीलगायींपर्यंत

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एका लघुकथेवर समीक्षात्मक निबंध लिहायचा होता. मर्यादा दीड हजार शब्दांची. अट अशी की जे विधान कराल त्याला कथेतल्याच ओळीचा पुरावा हवा. मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "लेखक किती थोर आणि कथा किती हृदयस्पर्शी, हे मला वाचायचं नाही. कथेत काय लिहिलंय आणि त्यावरून तुम्हाला काय म्हणता येतं, तेवढं सांगा." निबंधाच्या आधी त्याचा आराखडा द्यायचा होता. तो तपासून मिळेपर्यंत निबंधाला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक.

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात कथेला तोटा नाही. हिवाळा लागला की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा, माचीगड अशा गावांतून साहित्य संमेलनांचे मांडव पडतात. ग्रंथदिंडी निघते, भाषणं होतात, आणि कथाकथनाला शेतातली कामं उरकून आलेली माणसं मांडी घालून बसतात. मी अशाच मांडवांत वाढले. कथा ऐकताना कुठे हसावं, कुठे गप्प व्हावं, हे कुणी शिकवावं लागलं नाही. पण ऐकलेल्या कथेबद्दल चार वाक्यं सिद्ध करून दाखवणं हे निराळं काम आहे. बाजारातल्या गाईडांत तयार निबंध मिळतात, तो तयार कसा झाला ते मिळत नाही. म्हणून माझा आराखडा कसा होत गेला ते सविस्तर लिहिते आहे.

वर्गातल्या बहुतेकांनी जी. ए. कुलकर्णींची कथा निवडली. ते साहजिकही होतं. जी. ए. जन्मले आमच्याच जिल्ह्यात, एकसंब्याला, आणि त्यांची नोकरी झाली धारवाडात. त्यांच्या कथेतली घरं, ऊन, बोलण्याची ढब आम्हाला आपली वाटते. मी मात्र प्रेमचंदांची 'पूस की रात' (म्हणजे पौषातली रात्र) घेतली. शाळेत हिंदी होतीच, त्यामुळे मूळ भाषेतून वाचता येणार होतं. दुसरं कारण घरचं. आमचं शेत खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भात पिकायला लागलं की रानडुकरं येतात, गवे येतात, कधी हत्ती उतरतात. माळ्यावर रात्र काढणं, डबे वाजवणं, शेकोटी पेटती ठेवणं हे मी लहानपणापासून पाहते आहे. शेत राखणाऱ्या माणसाची कथा मला कळेल, असा मला भरवसा वाटला.

कथा 1930 सालची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हल्कू नावाच्या शेतकऱ्याने कांबळ्यासाठी पैपै करून तीन रुपये साठवले आहेत. थकलेलं देणं वसूल करायला सहना दारात येतो. बायको मुन्नी विरोध करते, पण शेवटी ते तीन रुपये त्याला द्यावे लागतात. मग पौषातल्या काळ्या रात्री हल्कू जुनी चादर पांघरून, जबरा नावाच्या कुत्र्याला घेऊन शेत राखायला जातो. थंडी सोसवत नाही. जवळच्या आमराईत पाला गोळा करून तो शेकोटी करतो. नीलगायी शेतात शिरतात, जबरा भुंकत सुटतो, हल्कू राखेजवळून हलत नाही. सकाळी शेत साफ झालेलं असतं. मुन्नी उदास, आणि हल्कू प्रसन्न. तो म्हणतो, आता रात्री थंडीत इथे झोपावं तर लागणार नाही.

पहिलं काम केलं ते एकच प्रत पक्की करण्याचं. ही कथा अनेक संग्रहांत आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, आणि छापताना शब्द थोडे बदललेले दिसतात. एका प्रतीत 'कम्मल' तर दुसऱ्या प्रतीत 'कंबल'. पुरावा द्यायचा तर ओळ जशीच्या तशी हवी, म्हणून ग्रंथालयातल्या एका संग्रहातून कथेची झेरॉक्स काढली, प्रत्येक परिच्छेदाला समासात क्रमांक दिला, आणि यापुढे फक्त याच कागदावरून लिहायचं असं ठरवलं. क्रमांक देण्याचा फायदा नंतर फार झाला. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या आधी येते, हे एका नजरेत दिसायला लागलं.

मग वाचन. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेतलीच नाही. दुसऱ्या वाचनात जिथे जिथे थांबावंसं वाटलं तिथे रेघ मारली, का थांबले याचा विचार न करता. रेघा खूप झाल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त थंडीच्या वर्णनावर होत्या. तारेसुद्धा गारठल्यासारखे वाटतात ती ओळ, हल्कू चिलमीमागून चिलीम ओढतो ती जागा, सप्तर्षी अजून अर्ध्यावरही चढले नाहीत म्हणून तो उरलेली रात्र मोजतो ती जागा. सुंदर ओळी आहेत. पण वहीत उतरवून त्यांच्यासमोर 'यावरून काय म्हणता येतं?' असं लिहिलं की उत्तर एकच येई: थंडी फार होती. ते सिद्ध करायला निबंध कशाला? कथेचं नावच ते सांगतं.

वहीची पानं मी तीन रकान्यांत आखली होती. डावीकडे कथेतली ओळ, मध्ये ती ओळ कोण, कुणाला, कधी म्हणतं, आणि उजवीकडे त्यावरून निघणारं विधान. मधला रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच्यामुळे निवेदकाचं वाक्य आणि पात्राचं वाक्य यांची गल्लत होत नाही. उदाहरणार्थ, 'मजूरी हम करें, मजा दूसरे लूटें' हे हल्कू म्हणतो, थंडीत, रात्री, कुत्र्याशी बोलताना. ते प्रेमचंदांचं मत म्हणून सरळ उचलता येत नाही. हल्कूला अन्याय कळतो, एवढं मात्र त्यावरून नक्की म्हणता येतं. हा फरक सांभाळला नाही तर निबंध बघता बघता भाषण होतो.

पहिलं प्रतिपाद्य, म्हणजे निबंधात सिद्ध करायचं मुख्य विधान, माझ्या वहीत असं होतं: 'हल्कू आळशी नसून परिस्थितीचा बळी आहे.' मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "याच्याशी कुणी वाद घालेल का?" मी म्हटलं, कुणी म्हणेलही की तो आळशी आहे. त्या म्हणाल्या, "मग कथेतली अशी ओळ दाखव, जी त्या माणसाच्या बाजूने आहे." ओळ होतीच आणि ती लपवण्यासारखी नव्हती. निवेदकच सांगतो: 'अकर्मण्यता ने रस्सियों की भाँति उसे चारों तरफ से जकड़ रखा था.' अकर्मण्यता म्हणजे निष्क्रियता. शिवाय सकाळी हल्कू मुन्नीला पोटदुखीची सबब सांगतो. शेकोटीसाठी झाडू करायला तो शेजारच्या शेतातली तुरीची झाडंही उपटतो. आणि कथेच्या सुरुवातीलाच त्याच्या धिप्पाड देहाचा उल्लेख आहे, म्हणजे अंगात बळ नव्हतं असंही म्हणता येत नाही. 'बळी' हा शब्द या चार गोष्टींपुढे टिकेना. मॅडम एवढंच म्हणाल्या, "विरोधी पुरावा आधी लिहून काढ. तो सामावून घेणारं विधान सापडेल तेव्हा आराखडा सुरू होईल."

सुट्टीत घरी आले तेव्हा कापणी होऊन भात खळ्यावर आलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेऊन बसले की आज्जा विचारायचे, "काय लिहालीस गं इतकं?" एका रात्री मी त्यांना अख्खी कथा सांगितली. त्यांची उमर माळ्यावर रात्री काढण्यात गेलेली. मला वाटलं ते जनावरांबद्दल विचारतील, नीलगाय कशी असते म्हणतील. त्यांनी विचारलं, "मग त्याचं घोंगडं? ते आलं काय शेवटाला?"

नाही आलं. मी झेरॉक्स उघडून पुन्हा पाहिलं. तीन रुपये सहनाच्या हातात गेल्यावर हल्कूचं कांबळं कथेतून नाहीसं होतं. त्याची जुनी चादर सोडली तर रात्रीच्या भागात पांघरुणं येतात ती दुसऱ्यांची. ज्यांच्याकडे जाड गाद्या, रजया नि कांबळी आहेत त्यांच्याबद्दल हल्कू चिडून बोलतो, तेवढीच. म्हणजे मी रेघा मारत होते ती रात्र आणि कथेच्या सुरुवातीचं ते छोटं दृश्य यांच्यात सरळ धागा होता, आणि माझ्या सगळ्या रेघा धाग्याच्या एकाच टोकाला होत्या. पहिल्या दृश्याच्या समासात जवळपास काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त पहिलं दृश्य घेऊन बसले. आता ते किती भरलेलं आहे हे दिसायला लागलं. मुन्नी झाडू मारते आहे. ती म्हणते, पीक आल्यावर देऊ असं त्याला सांग. म्हणजे उभं पीक आधीच देण्याला बांधलेलं आहे. मग ती म्हणते, 'बाकी चुकाने के लिए ही तो हमारा जनम हुआ है.' पुढे म्हणते, सोडून द्या ही शेती. मजुरी करून आणायचं, तेही तिच्यातच घालायचं, वर धाकदपटशा. हे वाक्य मी तीन रकान्यांत मांडलं तेव्हा उजव्या रकान्यात लिहिलं: 'हे शेत या घराला खायला घालत नाही, हे घर शेताला खायला घालतं.' हा निष्कर्ष माझा, पण तो मुन्नीच्या ओळीतून थेट निघतो. वसुली होणार, शिव्या खाव्या लागणार, हे हल्कूने म्हटल्यावर मुन्नी आधी ताठ उत्तर देते आणि मग तिच्या भुवया सैल पडतात. त्या बोलण्यातलं कठोर सत्य तिच्याकडे कसं पाहत होतं? निवेदक लिहितो, 'भीषण जंतु की भाँति'. हिंस्र जनावरासारखं.

इथे माझी पेन्सिल थांबली. शेतात जनावरं येतात ती कथेच्या शेवटी. हे जनावर तर पहिल्याच पानावर, घरात, मुन्नीसमोर उभं आहे.

मग मी सगळी कथा फक्त यासाठी पुन्हा वाचली. रात्री थंडी हल्कूच्या छातीवर बसते ती 'किसी पिशाच की भाँति'. तो निश्चय करून शेतात जायला उठतो, दोन-तीन पावलं टाकतो, आणि वाऱ्याचा झोत येतो तो विंचवाच्या नांगीसारखा. कर्ज हे जनावर, थंडी हे पिशाच्च, वारा हा विंचू. खऱ्याखुऱ्या नीलगायी या सगळ्यांनंतर येतात. परिच्छेदांना क्रमांक दिलेले असल्यामुळे हा क्रम वहीत एकाखाली एक मांडता आला आणि नवं विधान तयार झालं: 'हल्कूचं शेत नीलगायींनी खाण्याआधीच गेलेलं आहे, आणि ते कुणी नेलं हे कथा पहिल्या दृश्यातच सांगते.' कुणी वाद घालू शकेल असं हे विधान होतं, आणि त्याच्यामागे ओळी होत्या.

आज्जांचा प्रश्न निबंधात घालावा असं मला फार वाटलं. आमच्या माळ्यावरची रात्र, डबे वाजवणारी माणसं, गव्यांनी तुडवलेलं भात, यावर एक अख्खा परिच्छेद माझ्या डोक्यात तयार होता. पण तो आराखड्यात ठेवला नाही. खानापूरचं शेत हा हल्कूच्या शेताबद्दलचा पुरावा होऊ शकत नाही. आमच्याकडे राखण करणारा माणूस रात्रभर का ओरडतो आणि हल्कू का ओरडत नाही, याचं उत्तर प्रेमचंदांच्या ओळींत शोधायचं होतं. घरच्या अनुभवाने प्रश्न दिला, कुठे पाहावं ते दाखवलं, एवढं त्याचं काम, आणि ते काही थोडं नाही. ज्यांना शेत माहीत आहे त्यांना ही कथा जास्त दिसते असं मी आजही म्हणेन. फक्त दिसलेलं सिद्ध करायला कागदावरची ओळच लागते.

तसंच इतिहासाचं. मी बरंच वाचून काढलं होतं. आमचा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि जुन्या मुंबई इलाख्यात मुख्यतः रयतवारी होती; शेतकरी सारा थेट सरकारात भरी. प्रेमचंदांच्या भागात जमीनदारी, म्हणजे मध्ये वसूल करणारी माणसं. हा फरक आमच्याकडच्या वाचकाला सांगायला हवा, नाहीतर सहना कोण आणि मालगुजारी (शेतसारा) कसली हे नीट उमगत नाही. त्यासाठी प्रस्तावनेत दोन वाक्यं ठेवली. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा पूस आपल्या पौषाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हीही माहिती वहीत होती. ती मला आवडत होती, पण तिच्यावाचून माझ्या विधानाचं काही अडत नव्हतं. काढून टाकली.

आता आराखडा बसेल असं वाटत असताना जबरा आडवा आला. बेळगावला परत गेल्यावर बसमध्ये मैत्रिणीला मी माझं विधान समजावत होते. तिने विचारलं, "तोच गारठा कुत्र्याला नव्हता काय? तो कसा धावला?" प्रश्न चोख होता. कर्ज, थंडी, वारा यांनी हल्कूला हरवलं म्हणायचं, तर त्याच रात्री, त्याच शेतात, पांघरूण नावाचा प्रकार नसलेला प्राणी गळा फाटेपर्यंत भुंकतो आहे. निवेदक दोघांना एकाच वाक्यात समोरासमोर ठेवतो: जबरा गळा फाडतो आहे, नीलगायी शेत साफ करताहेत, आणि हल्कू गरम राखेशेजारी शांत बसला आहे. माझ्या विधानात जबराला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी मी जबराच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. कथेत तो दोनदा उठतो. नीलगायींच्या वेळचं उठणं सगळ्यांना आठवतं. त्याच्या बरंच आधी, हल्कू अजून झोपडीतच असताना, कसलीशी चाहूल लागून तो एकदा उठलेला आहे, आणि तिथे कारण दिलं आहे. हल्कूने थंडी असह्य होऊन त्याला मांडीवर घेतलेलं असतं, अंगाला वास येत असूनही कवटाळलेलं असतं. निवेदक म्हणतो, या 'विशेष आत्मीयता'ने जबरामध्ये नवी स्फूर्ती आली आणि तिच्यापुढे वाऱ्याचे गार झोत त्याला क्षुल्लक वाटले. पुढे वाक्य येतं, 'कर्तव्य उसके हृदय में अरमान की भाँति ही उछल रहा था.'

मी ते वाचून खुर्चीतून उठले. थंडीवर मात कशाने होते, हे कथेने स्वतः लिहून ठेवलं आहे. आत्मीयतेने. जबराला हल्कूबद्दल ती आहे, हल्कूला जबराबद्दल आहे. हल्कूला शेताबद्दल ती उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हे मुन्नीने झाडू मारता मारता सांगितलं आहे. ज्या पिकाचं देणं आधीच ठरलंय, ज्याच्यात मजुरीचे पैसे घालायचे आणि वर शिव्या खायच्या, त्याच्यासाठी विंचवाच्या नांगीतून कुणी का जावं? जबरा माझ्या विधानाच्या आड येत होता असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्याच परिच्छेदामुळे ते विधान पक्कं झालं. आता 'अकर्मण्यता'ची ओळही लपवावी लागत नव्हती. हल्कूचं न हलणं खरं आहे. ते न हलणं कशाने आलं, हा माझा निबंध.

नवं प्रतिपाद्य वहीत असं उतरलं: 'पूस की रात मध्ये हल्कूला थंडी जखडत नाही. थंडीवर मात करणारी आत्मीयता कर्जाने आधीच काढून घेतलेली असते. म्हणून शेताचा नाश रात्री होतो, पण त्याचं कारण तीन रुपयांच्या दृश्यात आहे.'

विधान हाती आल्यावर मांडणीचा प्रश्न. कथेच्या क्रमाने जायचं तर निबंध कथेचा सारांश होण्याचा धोका. मी जबराला आधी आणायचं ठरवलं. सुरुवातीलाच तो प्रश्न ठेवायचा: एकाच रात्री कुत्रा धावतो आणि माणूस बसून राहतो, हे कसं? मग आत्मीयतेची ओळ. मग मागे जाऊन मुन्नी आणि तीन रुपये. मग जनावर-पिशाच्च-विंचू ही रांग. शेवटी सकाळ. प्रत्येक परिच्छेदासाठी एकच मुख्य अवतरण ठेवलं, फार तर एखादं छोटं जोडीला. अवतरण जेवढं लांब तेवढं माझं बोलणं कमी होतं, हे आधीच्या खर्ड्यात दिसलं होतं. म्हणून पूर्ण वाक्याऐवजी त्यातले कळीचे दोन-चार शब्द माझ्या वाक्यात गुंफायचे, आणि प्रत्येक अवतरणानंतर निदान दोन वाक्यं स्वतःची लिहायची, असा नियम केला. नमुन्यादाखल आराखड्यात एक परिच्छेद पूर्ण लिहून दिला होता, त्यातला थोडा भाग असा:

"कर्जाचं पहिलं दर्शन कथेत आकड्याने होत नाही, नजरेने होतं. मुन्नीला सत्य 'भीषण जंतु'सारखं रोखून पाहताना जाणवतं. निवेदकाने इथे वापरलेली उपमा रात्रीच्या भागाची तयारी करते, कारण पुढे थंडीला 'पिशाच' म्हटलं जातं आणि वाऱ्याला विंचवाची नांगी येते. नीलगायी शेतात येतात तोवर हल्कूच्या घरावर आणि देहावर अशी चाल होऊन गेलेली आहे. त्या केवळ उरलेलं खातात."

शेवटच्या वाक्यावर मॅडमनी खूण केली आणि समासात लिहिलं, "आहे पुरावा?" मी 'चाल होऊन गेलेली आहे' एवढं ठेवलं आणि 'केवळ उरलेलं खातात' काढलं. शेत तर उभं होतं, पीक होतं. माझ्या वाक्याला लय होती, पण कथेत तसं म्हटलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो शेवटाने. हल्कू 'प्रसन्न' का? आधी मी लिहिलं होतं की तो शेतीतून मुक्त होतो. मग त्याचं वाक्य पुन्हा पाहिलं: 'रात को ठंड में यहाँ सोना तो न पड़ेगा.' त्यात शेती नाही, कर्ज नाही. फक्त रात्र आणि थंडी आहे. त्याच्या आधी मुन्नीने सांगितलेलंच आहे की आता मजुरी करून मालगुजारी भरावी लागणार. म्हणजे देणं तसंच आहे. मुक्त होणं हा शब्द त्या ओळीला पेलत नाही. पेलतं ते एवढंच: त्याला एका त्रासातून सुटका दिसते आणि त्या क्षणी तो तेवढीच पाहतो.

इथे उर्दू पाठाची मदत झाली. प्रेमचंद दोन्ही भाषांत लिहीत, आणि या कथेच्या उर्दू पाठात संवाद या वाक्यापाशी थांबत नाही. मी तो देवनागरी लिप्यंतरात वाचला. मुन्नी म्हणते, जनावरांनी शेत खाल्लं, आता एक पैसा देणार नाही असं जाऊन सांग. हल्कू म्हणतो, शेत जनावरांनी खावो की आगीत जावो, त्याला त्याची वसुली हवी. आणि शेती सोडण्याची गोष्ट निघाल्यावर तो म्हणतो की मनात तर माझ्याही येतं, पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मजुरी करणार नाही. ते वाचून मी हिंदी पाठाकडे परत आले तेव्हा त्याचं अचानक थांबणं किती धारदार आहे ते जाणवलं. उर्दूत जे हल्कू बोलतो ते हिंदीत वाचकाने मुन्नीच्या एका वाक्यावरून ओळखायचं आहे. निबंधाचा आधार हिंदी पाठच ठेवायचा आणि उर्दूचा उल्लेख फक्त शेवटच्या परिच्छेदात, तुलनेसाठी करायचा, असं आराखड्यात स्पष्ट लिहिलं. दोन पाठांतल्या ओळी एकत्र कालवून पुरावा दिला असता तर तो कुठल्याच कथेचा राहिला नसता.

काही जागा सोडवत नव्हत्या आणि तरी सोडल्या. आमराईत पाल्याचा ढीग पेटतो, अंधाराच्या समुद्रात तो उजेड होडीसारखा हलतो, आणि हल्कू जबराला म्हणतो, चल, उडी मारून पलीकडे जाऊ. कथेतला एवढाच आनंदाचा क्षण. त्या उडीवर माझं प्रेम आहे. तिच्यावर एक स्वतंत्र निबंध होईल, कारण तिथे हल्कूच्या अंगात किती जोम आहे ते दिसतं. माझ्या आराखड्यात ती जबराच्या परिच्छेदात एका वाक्यापुरती आली: जो माणूस शेकोटीवरून खेळत उडी मारतो तो थोड्याच वेळाने शेताकडे दोन-तीन पावलं टाकून परततो, तेव्हा कमी पडलं ते अंगातलं बळ नव्हे.

मॅडमनी आराखडा परत दिला तेव्हा त्यावर एक प्रश्न होता: सकाळी जबराचं काय झालं? मी पुन्हा कागद काढला. झोपडीखाली तो उताणा पडलेला आहे, जणू प्राणच नाहीत असा. हिंदी पाठ त्याच्याबद्दल याहून जास्त काही सांगत नाही. तो मेला असं लिहिता येत नाही, दमून झोपला असंही नाही. पण ज्याला आत्मीयता होती त्याची ही अवस्था, आणि त्याच्या शेजारी हल्कूचा प्रसन्न चेहरा, हे दोन्ही एकाच दृश्यात आहेत. शेवटच्या परिच्छेदाच्या आराखड्यात मी मुन्नीच्या वाक्याच्या वर ही ओळ घातली, समोर परिच्छेद क्रमांक लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जबराच्या प्रश्नापासून निबंध लिहायला घेतला.